मुलूख कोणता बरा?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कापसाच्या भावाने सुरुवात करणार नाही. तो विषय शेवटी आपणहून येईल. आज असा एक प्रश्न घ्यायचा आहे, की जो घराघरात रात्री जेवताना निघतो, पण सभेत कोणी मांडत नाही. राहायचे कुठे? इथेच, का दुसऱ्या मुलखात?

इथे वऱ्हाडात कोणालाही विचारा. तो म्हणतो, पश्चिम महाराष्ट्राचे बरे आहे. कालवे आहेत, ऊस आहे, कारखाने आहेत. सांगलीकडच्या ऊसवाल्याशी बोला. तो म्हणतो, वऱ्हाडाचे बरे, माणशी जमीन तरी आहे. आमच्याकडे दोन एकरांत चार भाऊ. मराठवाड्यातला माणूस म्हणतो, कोकणात निदान पाऊस तरी चुकत नाही. कोकणातला म्हणतो, घाटावर काळी माती आहे, आमच्याकडे नुसता कातळ. आणि सगळे मिळून म्हणतात, खरे बरे आहे ते पुण्या-मुंबईचे. पुण्यात एका खोलीत चौघे राहणाऱ्या आपल्या पोराला विचारा, तो म्हणतो गावच बरा होता. दुरून डोंगर साजरे, तशातला हा प्रकार.

हा करमणुकीचा विषय असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण या प्रश्नावर घरेच्या घरे निर्णय घेत आहेत. कोणी पाच एकर विकून शहराच्या कडेला प्लॉट घेतो. कोणी म्हणतो, इथली कोरडवाहू फुंकून टाकू आणि बागायतीत एक एकर घेऊ. पोरीचा बाप म्हणतो, जावई शिपाई असला तरी चालेल, पण शेतकरी नको. चुकले तर परत फिरता येत नाही असे हे निर्णय आहेत. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, चार बाजार हिंडतो. मुलूख बदलताना मात्र पाहुण्याच्या एका शब्दावर बदलतो. म्हणून आज हिशोब मांडू.

जाणे हा गुन्हा नाही

पहिली गोष्ट. काळ्या आईला सोडून जाऊ नये, असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यातले बहुतेक स्वतः शहरात राहतात. शेतकरी काही झाड नाही, की जिथे रुजला तिथेच वाळावे. शेतकरी नेहमीच हिंडला आहे.

सासवडचे माळी बघा. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला. सासवडच्या माळ्यांनी कालव्याच्या कडेने जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गूळ केला. पुढे नगर जिल्ह्यात गोदावरी-प्रवरेचे कालवे झाले, तिकडे ही मंडळी गेली. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. माळीनगर ते हेच. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा. म्हणजे सहकाराचा झेंडा लागण्याआधीच गाव सोडून गेलेल्या शेतकऱ्यांनी कारखाना उभा केला होता.

दुसरे उदाहरण आटपाडी, खानापूर, तासगाव या भागाचे. पाऊस जेमतेम, शेतीत पोट भरेना. तिथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकली आणि देशभरच्या शहरांत जाऊन बसली. त्यांना गलाईवाले म्हणतात. गाव सोडले, पण गावाशी नाते तोडले नाही. त्या पैशाने गावाकडे घरे उभी राहिली.

आता तिसरे उदाहरण घ्या. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन निघते. त्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जावेच लागते. पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने काढायचे. पोरांची शाळा सुटते.

गलाईवालाही मुलूख सोडतो आणि ऊसतोड्याही मुलूख सोडतो. एक हिशोब करून जातो, दुसरा ढकलला जातो. आपले भांडण जाण्याशी नाही, या ढकलण्याशी आहे.

जमा किती, नावे किती

आता खतावणी उघडू. प्रत्येक मुलखाला चार रकाने पाडा. पाणी, जमीन, बाजाराचे अंतर आणि घरातल्या बाईचे कष्ट.

कोकण घ्या. जमेला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबागेची योजना आली, तिने आंबा-काजूखालचे क्षेत्र वाढले. मुंबई एका रात्रीच्या अंतरावर. आता नावे बाजू. एवढा पाऊस चार महिन्यांत समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जमिनीचे तुकडे इतके, की एका सातबारावर पंधरा-वीस नावे, आणि त्यातली निम्मी माणसे मुंबईत. शेतात राबायला माणूस नाही. आहेत ती वानरे आणि डुकरे.

ऊसपट्टा घ्या. जमेला बारमाही पाणी, जवळ कारखाना, पक्का रस्ता, सोसायटीचे कर्ज, पोरांना कॉलेज. नावे बाजूला जमिनीचा आकार. महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. ज्या भागात पाणी आहे तिथे हे तुकडे आणखी लहान आहेत. पाणी जास्त झाल्याने क्षारपड झालेली जमीन शिरोळ-मिरजेकडे जाऊन पाहा. पांढरी पडलेली, कुसळही न उगवणारी. शिवाय कोल्हापूर-सांगलीला २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर आले. उभा ऊस पाण्याखाली आठ-आठ दिवस. आणखी एक, पश्चिम महाराष्ट्र म्हणजे सगळा ऊस नव्हे. माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुकेही तिथलेच. तिथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या यवतमाळपेक्षा पुष्कळच कमी.

मराठवाडा. जमेला काळी जमीन, तूर, सोयाबीन, हरभरा, आणि लातूरसारखा डाळीचा बाजार. नावे बाजूला भरवसा नसलेला पाऊस. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जिथे माणसाला पाणी रेल्वेने येते तिथे जनावराने आणि पिकाने काय करायचे?

खान्देश आणि नाशिक. जमेला केळी, द्राक्ष, कांदा, हातात रोख पैसा, मुंबई जवळ. नावे बाजूला खोल खोल जाणारी बोअर, भांडवलाचा प्रचंड बोजा आणि आभाळातली गार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा वर्षभर जपलेल्या बागा पाव तासात गेल्या. ज्याचा खर्च मोठा, त्याचा खड्डाही मोठा.

झाडीपट्टी, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली. जमेला चांगला पाऊस आणि जुने मालगुजारी तलाव. नावे बाजूला एक धान सोडले तर दुसरे पीक थोडे, आणि रानडुकराला हात लावला तर जंगल खाते दारात.

आणि आपला वऱ्हाड. जमेला कसदार काळी जमीन, सातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस, वरुड-मोर्शीची संत्री. नावे बाजूला बहुतेक शेती कोरडवाहू. पेरणीनंतर पावसाने वीस दिवस दडी मारली, की दुबार पेरणी. बागायतदाराला एका वर्षात दुसरी संधी मिळते, कोरडवाहूवाल्याला पुढच्या मृगापर्यंत थांबावे लागते. वरुड-मोर्शीत संत्र्यासाठी इतके पाणी उपसले गेले, की तिथलीही बोअर कोरडी पडू लागली.

राहिले शहर. जमेला महिन्याच्या महिन्याला पगार, दवाखाना, शाळा. नावे बाजूला भाडे, विकतचे पाणी, विकतची भाजी. शहरातही दुष्काळ पडतो, हे विसरू नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. त्या मनिऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी तो दुष्काळ भोगला आहे.

बाईचा रकाना

चौथा रकाना मी मुद्दाम मागे ठेवला. मुलखाचा खरा भाव सरकारच्या अहवालात सापडत नाही, तो सोयरिकीत कळतो. पोरगी द्यायची वेळ आली की शहाणा बाप आधी पाणवठा पाहतो. पाणी डोक्यावर किती लांबून आणावे लागते? सरपण कुठून आणायचे? बाळंतपणाला दवाखाना किती कोसांवर? नातीला सातवीनंतर शाळा आहे का?

हे प्रश्न पुरुष मुलूख निवडताना विचारत नाही, कारण घागर त्याच्या डोक्यावर नसते. म्हणून माझी सूचना आहे, की जमीन विकायची किंवा गाव सोडायचे ठरवाल तेव्हा घरच्या लक्ष्मीला नुसते सांगू नका, तिला विचारा. १९८६ साली चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावाने जमीन करून दिली. सातबारावर जिचे नाव आहे तिची सही लागते, आणि सही लागली म्हणजे मत विचारावे लागते.

पाचवा रकाना

चारही रकाने मांडले. कुठे पाणी जास्त, तिथे जमीन कमी. कुठे जमीन जास्त, तिथे पाणी कमी. बाजार जवळ तर खर्च मोठा. निसर्गाने उजवे-डावे केले आहे, पण एकाच मुलखाला सगळे दिलेले नाही आणि एकाकडून सगळे काढूनही घेतलेले नाही. मग शेतकरी सगळ्याच मुलखांत कर्जात कसा? याचे उत्तर पाचव्या रकान्यात आहे. तो रकाना भावाचा. तो भरला जातो दिल्लीत.

वऱ्हाडापासून सुरुवात करू. १९७२ पासून तीस वर्षे महाराष्ट्रात कापूस एकाधिकार होता. सरकार सोडून दुसऱ्याला कापूस विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. नदीपलीकडे आदिलाबादला भाव जास्त असला, तरी आपलाच कापूस चोरासारखा रात्री न्यावा लागे. २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्याची वाट मोकळी झाली, तर दिल्लीने मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यातच बंद करून पाहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या हंगामात.

म्हणून तुम्ही वऱ्हाड सोडून लासलगावला गेलात असे समजा. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ पर्यंत चालली. त्याआधी २०१९ ला बंदी होती, २०२० ला बंदी होती.

तिथून उठून ऊसपट्ट्यात गेलात. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि त्या हंगामात साखरेची निर्यातही बंद राहिली. मराठवाड्यात सोयाबीन पेरले, तर ऑगस्ट २०२१ मध्ये, नवे पीक येण्याच्या तोंडावर, बारा लाख टन सोयापेंड परदेशातून आणायला परवानगी मिळाली आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद झाले. तूर पेरली, तर मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली. गोंदियाला धान केला, तर जुलै २०२३ मध्ये बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत.

कुठेही जा, पळसाला पाने तीनच!

ही केवळ आपली तक्रार नाही. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने दिल्लीच्या एका संशोधन संस्थेबरोबर २०१८ मध्ये अहवाल काढला. २००० ते २०१६ या काळात सरकारी धोरणामुळे भारतातल्या शेतकऱ्याच्या उत्पन्नात सरासरी १४ टक्के घट झाली, असा हिशोब त्यात आहे. खताची, विजेची सगळी सबसिडी धरूनसुद्धा. आपण तीच गोष्ट उणे सबसिडी म्हणून गावोगाव सांगत आलो.

आता मूळ प्रश्नाकडे या. तुमचा पोरगा एसटीत बसून पुण्याला जातो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. घटनेने तो हक्क दिला आहे, आणि चांगले केले. पण त्याने पिकवलेला माल जिथे भाव आहे तिथे जायला निघाला, की मध्ये फाटक पडते. जिथून माल बाहेर जाऊ शकत नाही, तिथून माणसे बाहेर जातात. कांदा परदेशी गेला असता तर कांदेवाल्याच्या पोराला वॉचमन म्हणून शहरात जावे लागले नसते.

पाणी नको का मग?

कोणी म्हणेल, मग अनुशेषाची मागणी सोडून द्यायची का? मुळीच नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मागास भागांचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. १९९४ मध्ये विकास मंडळे झाली. २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदतही संपली. वऱ्हाडाच्या वाट्याचे पाणी वऱ्हाडाला मिळालेच पाहिजे. कोरडवाहू आणि बागायती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो नाही म्हणणारा माणूस कधी दुबार पेरणीला उभा राहिलेला नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात धरा. एक, कालव्याने पीक वाढते, नफा वाढेलच असे नाही. तोट्याच्या भावात जास्त पिकवले तर कर्जही जास्त होते. ऊसवाल्याला विचारा. दुसरी, अनुशेषाच्या नावाने आपल्याला सांगलीच्या शेतकऱ्यावर सोडले जाते. जणू त्याने तुमचे पाणी पळवले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. आत्महत्या थांबल्या नाहीत. पॅकेज मुलखाला मिळते. भाव शेतकऱ्याला मिळायला हवा.

जायचेच असेल तर

तरीही कोणी जाणार असेल, तर त्याला अडवू नका. त्याने एवढे मात्र करावे.

एक. मुलूख पाहायचा तर वैशाखात पाहा. श्रावणात सगळा महाराष्ट्रच कोकणासारखा दिसतो. नदीकाठी जमीन घेणार असाल तर पूर कुठवर चढला होता ते भिंतीवर दाखवायला सांगा.

दोन. एकदम विकत घेऊ नका. आधी दोन हंगाम खंडाने करा, तुम्ही मक्त्याने म्हणता तसे. जमीन आणि शेजार दोन्ही कळतात.

तीन. तिथल्या सोसायटीत जाऊन थकबाकीदार किती ते विचारा. हिरवे शिवार डोळ्यांना दिसते, कर्ज वहीत असते.

चार, सगळ्यात महत्त्वाचे. शेवटचा तुकडा विकू नका. कूळ कायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, सरकारी परवानगी लागते. सातबारावरचे शेवटचे नाव गेले, की उद्या पैसा आला तरी परत शेतकरी होणे अवघड. बाहेर पडायचा दरवाजा उघडा आहे, आत यायचा बंद आहे. हा कायदा बदलावा अशी आपली मागणी आहे, पण तो बदलेपर्यंत त्याच्यात अडकू नका.

आणि जे इथेच राहणार आहेत, त्यांनी नाइलाज म्हणून राहू नये. चार रकाने आपल्या कष्टाने थोडेफार सुधारता येतात. शेततळे, बांध, पिकाची अदलाबदल, मुलीची शाळा. पाचवा रकाना मात्र एकट्याने सुधारत नाही. त्याला संघटना लागते, आणि ती सगळ्या मुलखांची मिळून लागते. कांदेवाला, ऊसवाला, धानवाला आणि कापूसवाला वेगवेगळे गेले तर चौघांना चार वेगवेगळे अर्ज करावे लागतात. एकत्र गेले तर मागणी एकच आहे: आमच्या मालाच्या वाटेतले फाटक काढा.

जाताना एक काम देतो. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. गेल्या पाच वर्षांत गावातून किती घरे गेली, कुठे गेली, किती एकर विकले गेले, ते कोणी घेतले आणि गेलेल्यांचे तिकडे कसे चालले आहे. नावे नकोत, आकडे हवेत. सरकारी अहवाल निघेल तेव्हा निघेल, आपला अहवाल आपण लिहू. कोणता मुलूख बरा, हे त्या कागदांवरून आपल्यालाच दिसेल.

भीक नको, हवे घामाचे दाम!